वरच्या तीन ओळी

"तू दुकानात पुस्तक उचलतीस, तेव्हा आधी काय करतीस?"

ऑफिसातल्या माझ्या पहिल्याच दिवशी नजमाआपांनी मला हे विचारलं. मी जालन्याहून नवीनच आले होते, बॅगसुद्धा अजून खुर्चीलाच टेकवलेली होती.

"किंमत बघते," मी म्हणाले.

"खोटं. किंमत नंतर. आधी उघडतीस. मधीच कुठंतरी. दोन ओळी वाचतीस, मग मागं वळवून किंमत बघतीस." त्यांनी माझ्या स्क्रीनवर टिचकी मारली. "ह्या दुकानात पुस्तक उघडता येत नाय. मग गिऱ्हाइकानं काय करावं बिचाऱ्यानं? आपण उघडून धरायचं. एवढंच काम हाये बघ आपलं."

उस्मानपुऱ्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मराठवाड्यातल्या लहान प्रकाशकांची आणि पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या लेखकांची पुस्तकं ऑनलाइन दुकानांवर चढवायची, ऑर्डर आली की खाकी कागदात बांधून पाठवायची, असा आमचे मालक सोळुंके सर यांचा धंदा. मला कॉम्प्युटर येतो म्हणून घेतलेलं. मुखपृष्ठ, किंमत, पानं आणि खाली पुस्तकाबद्दल चार ओळी टाकल्या की झालं, असं सरांनी मला सांगितलं होतं. त्या चार ओळी लिहिणाऱ्या बाई म्हणजे नजमाआपा.

पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, किंचित वाकून चालणाऱ्या. मनगटावर पुरुषी घड्याळ. चष्मे दोन, एक लांबचा आणि एक जवळचा, आणि हवा असलेला नेहमी दुसऱ्या खोलीत. शाळा मराठी, घर दखनी, त्यामुळे बोलणं दोन्हींचं कालवण. रागावल्या की मात्र एकदम शुद्ध पुस्तकी मराठीत जात. "आपण हे काय करून ठेवलेत?" असा आवाज आला की सोळुंके सरसुद्धा केबिनमध्ये फोन कानाला लावून बसत. पूर्वी एका दैनिकात त्या मुद्रितं तपासत असत, एवढं मला पुढं कळलं. त्यापलीकडं स्वतःबद्दल त्या फारसं सांगत नसत. दुसऱ्यांना विचारण्यातच त्यांचा सगळा वेळ जाई.

पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय आपा एक अक्षर लिहीत नसत. सरांची हीच तक्रार. "मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून टाका की आपा, सगळे तेच करतात."

"मलपृष्ठ लेखकाच्या दोस्तानं लिहिलेलं असतंय, सर. दोस्ताला काय कळतंय? तो तर वाचतबी नाय."

त्यांचा एक नियम होता. पुस्तकात नाही ते माहितीत येणार नाही. आणि काही शब्दांना ऑफिसात बंदी होती. त्यात 'वाचनीय' पहिला. "वाचनीय पुस्तक म्हणजे काय गं? खाण्याजोगी भाकर म्हणाल्यासारखं झालं."

त्या लिहीत, मी चढवत असे. हे चढवणं दिसतं तितकं सोपं नाही. दुकानाच्या साइटवर माहितीसाठी एक चौकट असते. आपण परिच्छेद पाडून नीट लिहिलेलं तिच्यात चिकटवलं की सगळं एका गठ्ठ्यात गोळा होतं. ओळ तोडायची तर तिथं एक बारकी खूण लिहावी लागते, अक्षर ठळक करायचं तर दुसरी. आपा मागं खुर्ची ओढून बसत आणि सांगत, "इथं दम घे." म्हणजे ओळ तोड. "इथं जाड." म्हणजे ठळक. जाड त्या फार क्वचित म्हणत. मी एकदा हौसेनं निम्मा मजकूर ठळक केला, तर म्हणाल्या, "सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कोणाचं?"

सगळा जीव असे तो वरच्या तीन ओळींत. मोबाइलवर तेवढ्याच दिसतात आणि मग निळ्या अक्षरांत 'अधिक वाचा' येतं. "ते निळं कोणी दाबत नाय," आपा म्हणत. "दाबलं तर समजायचं, माणूस घरात आला. तवर तो उंबऱ्याच्या बाहेर उभा हाये."

माणूस घरात येतो की नाही हे बघायला त्यांनी कुरियरच्या जाधवांना धरलं होतं. जाधव रोज दुपारी पार्सलं न्यायला येत. आपा त्यांच्या हातात मोबाइल देत, आणि मुद्दाम बाहेरच्या जिन्यात, उन्हात उभं करत. लोक उन्हातच बघतात, बसस्टॉपवर बघतात, असं त्यांचं म्हणणं.

"आपा, मला पुस्तकं वाहायचा पगार हाये, वाचायचा नाय," जाधव कुरकुरत.

"तीन ओळींचा काय पगार घेता? वाचा."

जाधव वाचत, मान हलवत, मोबाइल परत देत. निळं कधी दाबत नसत. एकदा मधमाश्यांवरचं पुस्तक होतं. जाधवांनी वाचलं, अंगठा हलला आणि ते तिथंच जिन्यावर बसले. थोड्या वेळानं दारातून विचारलं, "आपा, मग ती राणीमाशी गेली कुठं?"

आपांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. राणीमाशी कुठं गेली ते मात्र सांगितलं नाही. "पुस्तक घ्या," म्हणाल्या. जाधवांनी घेतलंही.

एकदा निवृत्त झालेले एक अधिकारी आले. त्यांची कादंबरी आम्ही चढवणार होतो. माहितीत काय असावं ते त्यांनी लिहूनच आणलं होतं, 'प्रत्येकाच्या संग्रही असावी अशी हृदयस्पर्शी कलाकृती.' सरांनी त्यांना आपांच्या टेबलाशी आणून बसवलं आणि स्वतः निघून गेले.

आपांनी कागद बघितला, बाजूला ठेवला आणि कादंबरी काढली. "सर, मला एक विचारायचं होतं. तुमचा तो तलाठी शेवटी घरी येतो, तवा चपला दारात काढत नाय. हातात घेऊन आत जातो. कामून?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी मागची पानं पुन्हा बघितली, पुढची बघितली. त्याचा खुलासा कुठंच नाय. तुम्ही सहज तर लिहिलं नसणार."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "तुम्ही वाचली कादंबरी?"

"मग काय नुसती वजन करून बघू?"

साहेबांचे वडील तलाठी होते. एका वाड्यात भाड्यानं राहत. घरमालकाशी वाद झाला तेव्हा त्यानं त्यांच्या चपला उकिरड्यावर फेकल्या होत्या. त्यानंतर ते मरेपर्यंत, स्वतःचं घर बांधल्यावरसुद्धा, चपला हातात घेऊनच आत जात. साहेब हे सांगत होते आणि आपा मध्येमध्ये विचारत होत्या, कोणत्या हातात, मग ठेवायचे कुठं, तुमची आई काय म्हणायची. साहेबांनी दोनदा चष्मा पुसला. जाताना म्हणाले, "पुस्तक निघून एवढे दिवस झाले, बाई. सत्कार झाला, भाषणं झाली. हे कोणी विचारलं नाही." 'हृदयस्पर्शी'चा कागद ते टेबलावरच विसरून गेले.

माहिती लिहिताना आपांनी पहिल्याच ओळीत त्या चपला घेतल्या. त्यामागची हकिगत मात्र घेतली नाही. मी म्हटलं, किती छान गोष्ट आहे, घाला की.

"पुस्तकात हाये का?"

"नाही."

"मग?"

पण आपांच्या चौकसपणाचा कळस मी पाहिला तो उदगीरच्या बाईंच्या वेळी. आमच्याकडं येणारा पुष्कळ मजकूर छापखान्यांतल्या जुन्या फाँटमध्ये असतो. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो सुबक मराठी दिसतो. आमच्या चौकटीत टाकला की त्याची रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं अशी खिचडी होते. एका लोकगीतांच्या पुस्तकाची माहिती गडबडीत माझ्याकडून तशीच चढली. आपा तेव्हा दोन दिवस तापानं घरी होत्या. त्या आल्या, त्यांनी बघितलं आणि त्यांचं शुद्ध मराठी सुरू होणार तेवढ्यात सरांनी सांगितलं की त्या पुस्तकाची एक ऑर्डर आलीय.

आपांचा राग जागच्या जागी विरला. "कोणी घेतलं?"

"उदगीरच्या कोणी बाई आहेत."

"ह्यातलं एक अक्षर वाचता येत नाय. मुखपृष्ठावर नुसती चूल. मग कामून घेतलं?"

गिऱ्हाइकांना फोन करायचा नाही, असं सरांनी सगळ्यांना बजावून ठेवलेलं. आपांनी पार्सलावरचा नंबर बघितला, सर जेवायला जाईपर्यंत कशीबशी कळ काढली आणि फोन लावला. मी शेजारीच होते, म्हणून दोन्ही बाजू ऐकल्या.

"ताई, तुम्ही हे पुस्तक मागवलंत, त्याची माहिती आमच्या चुकीनं पार बिघडलेली होती. तरीबी मागवलंत, म्हणून विचारते."

"बिघडली कुठं होती? मी वाचली की."

"कशी?"

पलीकडच्या बाई हसल्या. "अहो, मी इथं छापखान्यात टायपिंग करायचे. लग्नाआधीपासून करायचे. कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर पडतंय, हे बोटांना ठाव असतंय. डोळ्यांनी नाय कळलं मला. मग ते बघत बघत मांडीवर बोटं चालवली. ओळ आपोआप आली. त्यात जात्यावरची गाणी हायेत म्हणून लिहिलंय, आमच्या सासूबाईंना लई आवडतात."

आपांनी फोन ठेवला आणि स्वतःची बोटं मांडीवर टाकून बघितली. मग मी ती माहिती दुरुस्त करायला घेतली, तर माझा हात धरला. "थांब गं. आजचा दिवस राहू दे. आणखी कोणी येतंय का बघू." संध्याकाळी सरांना फोनचं कळलं आणि बोलणी बसली. आपांनी मान खाली घालून ऐकून घेतली. उदगीरच्या बाईंशी त्यांचं पुढंही बोलणं होत राहिलं, एवढं मात्र मला माहीत आहे.

असं सगळ्यांना सगळं विचारणारी ही बाई एका जागेबद्दल विचित्र वागत असे. ती जागा म्हणजे वेरूळच्या वाटेवरचं खुलताबाद. त्यांचं माहेर तिथलं. इथून बसनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या जवळ. पण त्या कधी गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ऑफिसातलं कोणी वेरूळला, भद्रा मारुतीला जाऊन आलं की आपा त्याला गाठत. नगारखान्याच्या रस्त्याला गर्दी होती का, घाटात पेरू विकणारे बसले होते का, पेरू कसले होते. जाऊन बघायचं मात्र नाव नाही.

मी एकदा विचारलं. "आपा, तुम्हीच का नाही जात?"

त्यांनी जवळचा चष्मा काढून लांबचा लावला. "हे 'अधिक वाचा'च्या खालचं हाये," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

सरांकडून मला थोडंफार कळलं. आपांचं लग्न त्यांच्या मोठ्या भावानं जमवलं होतं. नवरा हात उचलायचा. आपा त्याला सोडून निघाल्या तेव्हा भाऊ म्हणाला, परत जा. आपा परत गेल्या नाहीत, आणि माहेरीही गेल्या नाहीत. इथंच खोली घेऊन राहिल्या. त्यानंतर भावाबहिणीचं बोलणं बंद. मधल्या काळात आई गेली. मातीला आपा पोचल्या, पण बायकांत बसून बायकांतूनच परत आल्या.

मग एका सकाळी छापखान्यातून नवीन गठ्ठा आला. वरचंच पुस्तक पेरूच्या लागवडीवरचं होतं, 'पेरूची बाग: लागवड आणि आठवणी'. मागं लेखकाचा फोटो, पांढरी आखूड दाढी, कृषी खात्यातून निवृत्त, मुक्काम खुलताबाद. सलीमभाई. मी पुस्तक आपांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मागची बाजू बघितली आणि ते ढिगाच्या तळाला सरकवलं.

दुसऱ्या दिवशीही ते तळालाच. सरांनी विचारलं, त्या म्हणाल्या, "वाचायलीय." आपांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. तोवर गाव आणि चेहरा जुळवून, हा आपांचा भाऊ, असा मलाही अंदाज आला होता. मी सरांना सांगितलं. सर भला माणूस. आपांच्या टेबलाशी येऊन, माझ्याकडं बोट करून हळूच म्हणाले, "आपा, हे वर्षा लिहील. तुम्ही राहू द्या."

"का म्हणून?" आपा ताडकन म्हणाल्या. "तिला पेरूतलं काय कळतंय?"

त्या दिवशी त्यांनी पुस्तक घरी नेलं.

सकाळी आल्या त्या तणतणत. पर्स आपटली, पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. "वाच."

पोपटांवरचं प्रकरण होतं. फळ धरलं की पोपटांचे थवे येतात. लेखक लहान असताना त्यांना हाकलायला पहाटे बागेत जाई. 'मी आणि माझा एक सोबती पत्र्याचे डबे बडवत, खडे भिरकावत बांधावरून धावत असू. सोबत्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता.'

"कोण सोबती?" आपांचा आवाज चढला. "त्या बांधावर कोण होतं दुसरं? अब्बा झोपलेले, गडी उशिरा यायचा. मी होते! नेम माझा होता! सगळ्या पुस्तकात अम्मी हाये, अब्बा हायेत, बैल हाये बैल, नावानिशी! आणि मी सोबती?"

आपांनी पुस्तक मिटलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण पुस्तक चांगलं लिहिलंय गं त्यानं. लई चांगलं लिहिलंय."

पुढचे काही दिवस त्या काही ना काही लिहीत आणि फाडत होत्या. मला वाटत होतं, आता काय करतील? पुस्तकात नाही ते लिहायचं नाही, हा नियम त्यांचाच. आणि पुस्तकात त्या नव्हत्या. मी एकदा सुचवलं, "आपा, नुसतं लागवडीबद्दल लिहा ना. खतं, छाटणी. आठवणींचा विषयच नको."

"मग पुस्तक अर्धंच उघडलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

शेवटी एका दुपारी त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला. वरच्या ओळी अशा होत्या:

'बहरासाठी पेरूच्या बागेचं पाणी कधी तोडायचं, हे या पुस्तकात आहे. पोपट कसे हाकलायचे, तेही आहे. खुलताबादच्या एका बागेत दोन मुलं वाढली, त्यांची ही गोष्ट.

त्यांतल्या एकानं ती लिहिली आहे.'

मी वाचलं आणि त्यांच्याकडं बघायचं टाळलं. चौकटीत मजकूर टाकला.

"शेवटच्या ओळीआधी दम घे," त्या म्हणाल्या.

मी खूण लिहिली. चढवलं. साइटनं खूण गिळली. सगळं सलग दिसायला लागलं. पुन्हा लिहिली, पुन्हा गिळली. इतर वेळी मी म्हटलं असतं, राहू द्या आपा, काय फरक पडतो. त्या दिवशी नाही म्हटलं. दोन खुणा टाकून बघितल्या, जागा बदलून बघितली, शेवटी जुना सगळा मजकूर पुसून नव्यानं हातानं टाईप केला. आपा खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. एकदाची ओळ सुटी झाली, मोबाइलवर 'अधिक वाचा'च्या अगदी वर, एकटी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहाला निघून गेल्या.

बऱ्याच दिवसांनी ऑफिसात फोन आला. लेखक बोलत होते. माहिती कोणी लिहिली, विचारत होते. सरांनी नाव सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दोन दिवसांनी सलीमभाई स्वतः दारात उभे राहिले. हातात हेल्मेट, श्वास लागलेला. आपा पुस्तकातून मान वर करून म्हणाल्या, "बसा." आपल्या भावाला बसा म्हणाल्या. ते बसले.

"तू लिहिलंस?"

"हौ."

"दोन मुलं कुठून आणलीस?"

"तुमच्याच पुस्तकातून. एक तुम्ही, एक तुमचा सोबती. मी पदरचं काही टाकत नाय."

सलीमभाई हेल्मेटची काच वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, "मी आधी बहीणच लिहिलं होतं. छापायला देताना बदललं. कामून बदललं ते विचारू नको."

"विचारणार," आपा म्हणाल्या. "मी विचारणारच. सांगा."

सोळुंके सर केबिनच्या दारात येऊन उभे होते. मी कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसले होते.

"बहीण लिहिलं की लोक विचारणार, कुठं असते तुमची बहीण, काय करते." सलीमभाईंनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मला काय ठाव होतं? तू कुठं राहतीस, काय खातीस, मला काय ठाव होतं? काय सांगितलं असतं मी? मीच तुला परत जा म्हणालो ते सांगितलं असतं?"

मला वाटलं, आता आपा रडतील, नाहीतर त्यांना घालवून देतील. त्यांनी चष्मा बदलला, ढिगातून पुस्तक काढलं आणि एक पान उघडलं.

"हे बरोबर लिहिलेलं नाय. विहिरीजवळचं झाड. तुम्ही म्हणता आतून पांढरा पेरू. तो लाल होता."

"पांढरा होता."

"लाल! माझा फ्रॉक बरबटायचा."

"फ्रॉक जांभळांनी बरबटायचा. पेरूनं कोणाचा फ्रॉक बरबटतोय?"

"भाईजान, ते झाड माझं होतं. चढायचं कोण त्याच्यावर?"

त्यांच्या तोंडून 'भाईजान' निघालं ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. सलीमभाईंच्या आलं. त्यांनी तोंड फिरवून खिडकीकडं बघितलं. सरांनी चहा मागवला. चहा निवला तरी वाद संपला नव्हता. झाड अजून असतं तर निकाल लागला असता, पण ते वठलं म्हणून केव्हाच तोडलेलं. शेवटी सलीमभाई म्हणाले, "विहीर तर हाये. ती तरी येऊन बघ."

आपा त्या दिवशी गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात एकट्या बसनं गेल्या आणि संध्याकाळी परतल्या. कसं झालं, मी विचारलं. "बाग लहान झालीय," एवढंच म्हणाल्या. मग दर सुट्टीला जाऊ लागल्या. सगळं गोड झालं असं नाही. एकदा भांडून आल्या आणि महिनाभर गेल्याच नाहीत. वहिनी बोलत नाही, असंही कधी म्हणत. पण नंतर पुन्हा गेल्या.

पुस्तक शेतकऱ्यांनी उचलून धरलं आणि दुसऱ्यांदा छापायची वेळ आली. नवी प्रत ऑफिसात आली तेव्हा आपा नव्हत्या, म्हणून मीच आधी उघडली. पोपटांच्या प्रकरणात आता लिहिलं होतं, 'मी आणि माझी बहीण नजमा.' आणि विहिरीजवळच्या झाडापाशी एक नवीन वाक्य होतं: 'हा पेरू आतून लाल होता, असं नजमा म्हणते. मला पांढरा आठवतो. आमचं यावर अजून एकमत नाही.'

आपांनी आल्यावर ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून माझ्यामागं बसल्या. "ती शेवटची ओळ काढ."

"कोणती?"

"एकानं लिहिलीय ती. आता ती खरी नाय."

माझा त्या ओळीवर जीव जडला होता. मी म्हटलं, आपा, जाधवांनीसुद्धा ती वाचून 'अधिक वाचा' दाबलं होतं. आपांनी नुसतं बोटानं ती ओळ दाखवली. मी ओळ पुसली, तिच्याआधीची खूणही पुसली. 'दोन मुलं' होती तिथं 'भाऊ-बहीण' लिहिलं.

वर्षभरानं मला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी आपांनी मला बाग बघायला बोलावलं. बाग खरंच लहान होती. सलीमभाईंनी विहीर दाखवली, वहिनींनी जेवायला वाढलं, आपा आणि भाऊ पाणी तोडायच्या तारखेवरून भांडले. परतीच्या बससाठी दोघं मला रस्त्यापर्यंत सोडायला आले, स्कूटरवर ती दोघं आणि मागून मी शेजाऱ्याच्या रिक्षातून.

बस आली. मी खिडकीत बसून हात केला, तर आपांचं लक्षच नव्हतं. रस्त्याच्या पलीकडं एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. तिच्यासमोर त्या वाकून उभ्या होत्या आणि काहीतरी विचारत होत्या. म्हातारी हात हलवून हलवून सांगत होती. सलीमभाईंनी स्कूटर चालू केली, एकदा हॉर्न दिला. आपांनी मागं न बघता हात वर केला, थांब म्हणून. सलीमभाईंनी स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढून सीटवर ठेवलं.

बस वळली तेव्हाही आपांचं विचारणं चाललंच होतं.